प्रश्न उद्भवत नाही

३ नोव्हेंबर

बावीस वर्षं मी रोज डायरी लिहिली, पण ती सरकारसाठी. आज कुठल्या वस्तीवर गेले, किती लेकरांना डोस दिले, कोणत्या गरोदर बाईचं रक्त कमी. आरोग्यसेविकेची डायरी महिन्याच्या शेवटी साहेब तपासतात, म्हणून त्यात खरं मनातलं काही लिहायचं नसतं. आमदार होऊन वर्ष झालं, डायरी सुटली होती. आज पुन्हा धरली, कारण डोकं तापलं आहे आणि ते कुठेतरी ओतायला हवं.

खारगव्हाणला गेले होते. पुंजाजी ढोलेच्या घरी. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, वांगी आणि मेथी पिकवायचा. दोन्ही किडन्या गेल्या. हातावरची शीर दोरखंडासारखी फुगलेली, कारण आठवड्यातून दोनदा त्याच शिरेत सुया जातात. सकाळच्या बसने अकोला, चार तास मशीनवर, मग परत बस. दुसरा दिवस पडून राहायचं, चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याची बायको सिंधूताई काळा चहा घेऊन आली. म्हणाली, "दूध टाकलं का फाटते, ताई. बोरचं पानी हाय. म्हून आमी काळाच पेतो." एक घोट घेतला. साखर असूनही खारट.

गावात तीन वर्षांत एकोणीस माणसं अशीच गेली, असं सिंधूताई सांगते. बोटांवर नावं घेत होती. आणि नऊ किलोमीटरवर मोहदरीच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या दोन मशीन मार्च महिन्यापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या आहेत! काचेच्या दारातून मी स्वतः पाहिल्या. उद्घाटनाचा हार वाळून त्यांच्यावरच पडला आहे.

तिथल्या डॉक्टरला विचारलं. अर्पिता नाव, तीस-एकतीसची, चष्मा, अगदी पुणेरी बोलणं. "मॅडम, मला तोंडी काही सांगता येणार नाही. तुम्ही लेखी विचारा. नेमकं विचारा. मी लेखी उत्तर देईन." बस म्हणायचीसुद्धा रीत नाही. खुर्च्या दोनच होत्या आणि दोन्हींवर सलाईन लावलेल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, ते सोडा. पण आमदाराला दारात उभं ठेवून "लेखी विचारा"?

ही जात मला माहीत आहे. म्हणजे डॉक्टरांची. उगाच आठवलं: पूर्वी एका डॉक्टरसाहेबाने त्याच्या कूलरसाठी लसीच्या फ्रीजचा प्लग काढला होता. लस खराब झाली आणि मेमो मला मिळाला. सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवला होता. असो. त्याचा इथे काही संबंध नाही.

९ नोव्हेंबर

एक जाड पाकीट आलं. वर चिखलीचा शिक्का, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स आणि हाताने लिहिलेली यादी. एकोणीस नावं. प्रत्येकापुढे वय, रक्तातल्या क्रिएटिनिनचे आकडे, कोणत्या बोरचं पाणी पीत होता, आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूच्या दाखल्यावर छापून आलेलं कारण. "वृद्धापकाळ." "हृदयविकार." "अज्ञात." एक वृद्धापकाळवाला अडतीस वर्षांचा आहे.

नागसेनभाऊ, म्हणजे माझे स्वीय सहायक, तहसीलमधून निवृत्त झालेले, कागद पाहून ज्यांना माणूस कळतो. ते यादी उजेडात धरून म्हणाले, "ताई, हे काम डाक्टराचं दिसते."

मी हसले. "भाऊ, डॉक्टरचं अक्षर कधी वाचता आलं हाय काय तुमाले? हे एखाद्या सिस्टरचं काम हाय. जीव तुटते तो आमचाच."

भाऊंनी यादी पुन्हा उजेडात धरली. त्यांना पटलं नव्हतं, हे दिसत होतं.

१३ नोव्हेंबर

तारांकित प्रश्न दाखल केला. भाऊंनी सरकारी भाषेत घातला. (१) खारगव्हाण येथे क्षारयुक्त पाण्यामुळे मूत्रपिंड विकाराने एकोणीस व्यक्तींचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय. (२) मोहदरी येथील डायलिसिस यंत्रे बंद अवस्थेत आहेत, हे खरे आहे काय. (३) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. भाऊंनी पुन्हा पुन्हा वाचून एकेक शब्द घट्ट केला. म्हणाले, नेमकं विचारलं की निसटायला जागा राहत नाही.

९ डिसेंबर, नागपूर

अधिवेशन सुरू झालं. छापील उत्तरं हातात पडली. माझ्या प्रश्नाचं जसंच्या तसं उतरवते:

(१) हे खरे नाही.
(२) अंशतः खरे आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः! मशीन अंशतः बंद आहे म्हणजे काय? उजवं चाक चालतं? आणि एकोणीस माणसं मेली हे खरे नाही, तर ती कुठे गेली? पाहुणचाराला? सिंधूताईच्या बोटांवर काय होतं मग?

सोबतच्या टिपणीत लिहिलं आहे, "वैद्यकीय अधिकारी, मोहदरी यांच्या अहवालानुसार". जोडपत्रात त्या अहवालाचं पान आहे. खाली सही: डॉ. अर्पिता रं. वाघमोडे. गोल, स्वच्छ सही.

लेखी विचारा म्हणाली होती ना? हे तिचं लेखी.

भाऊ म्हणाले, "ताई, या पानावर पृष्ठ क्रमांक चार हाय. एक, दोन, तीन कुठी गेले?"

मी म्हटलं, भाऊ, आता पृष्ठांचा हिशेब नका काढू. उद्या मी तिला सोडत नाही.

१० डिसेंबर

सोडली नाही.

माझा प्रश्न सातवा होता. दोनच मिनिटं मिळाली. मी छापील उत्तर हातात धरून उभी राहिले आणि बोलताना रागाने माझी घरचीच बोली आली: "अध्यक्ष महोदय, हे उत्तर वाचून मले लाज वाटते." मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "मले!" आणि दोघंतिघं हसले. एकोणीस मेले त्यावर कोणी वळून पाहिलं नव्हतं. माझ्या 'मले'वर सगळे जागे झाले.

मग माझा तोल गेला. मी डॉक्टरचं नाव घेतलं. म्हटलं, या बाईने वातानुकूलित खोलीत बसून एकोणीस प्रेतांवर खोटी सही केली. अध्यक्ष म्हणाले, जी व्यक्ती सभागृहात नाही आणि बाजू मांडू शकत नाही, तिचं नाव घेऊ नका. मी पुन्हा घेतलं. पूर्ण नाव.

मंत्रिमहोदय उभे राहिले. शांत आवाजात म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावना तीव्र आहेत, सदर वैद्यकीय अधिकाऱ्यास आजच निलंबित करण्यात येत आहे. बाकं वाजली. दोन्हीकडची. मंत्र्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

बाहेर पत्रकारांनी घेरलं. "दणका", "रणरागिणी" वगैरे.  

एक गोष्ट खटकली. मशीन कधी सुरू होणार, याचं उत्तर मला मिळालंच नाही. त्या गडबडीत मी विचारलंही नाही. आणि मोहदरीच्या दवाखान्यात एकही वातानुकूलित खोली नाही. पंखा होता, तोही बंद.

१२ डिसेंबर

सिंधूताईचा फोन आला. वाटलं, आभार मानेल.

"ताई, काय केलं तुमी हे?"

"काय झालं?"

"डाक्टरीनबाईले काढलं ना! काऊन काढलं? अकोल्याच्या दवाखान्यात आमाले मशीन कोन भेटवून देल्ली? तिनं. बोरचं पानी बाटल्यात भरून तपासाले कोन घेऊन गेलं? तिनंच. आयतवारी सुट्टीच्या दिवशी ये घरोघरी. अन् तुमी तिले खोटी म्हनलं. टीवीवर पाह्यलं मी. सारं गाव पाह्यलं."

मी म्हटलं, सिंधूताई, सही तिचीच आहे, मी पाहिली आहे.

"सही पाह्यली. तिले पाह्यलं काय?"

फोन ठेवला तिने. मला आधी रागच आला. गावच्या बायांना डॉक्टर जरा गोड बोलली की पुरे. दिवसभर हेच घोळवत होते. संध्याकाळी भाऊंना म्हटलं, ते जोडपत्र द्या पाहू. पृष्ठ क्रमांक चार. वरची ओळ अर्ध्या वाक्यात सुरू होते: "...असल्याने स्वतंत्र अभिप्राय नाही." कशाने असल्याने?

भाऊंना म्हटलं, तिच्या घरचा पत्ता काढा. त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

१४ डिसेंबर, चिखली

अधिवेशनाला सुट्टी. सकाळीच निघून चिखली गाठली. पत्ता भाऊंनी काढला. माझ्या डोक्यात पुण्याचा फ्लॅट, शिकलेले आईबाप असं काहीतरी होतं. निघालं भाजीबाजाराच्या मागचं दोन खोल्यांचं घर, दारात वांग्यांची पोती. एक म्हातारा मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. रंगराव. तिचे वडील.

"या ना. कोन तुमी?" मी नाव सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा जुडी बांधायला लागले. "बसा. घरी आल्याले बसा म्हनाची रीत हाय आमची. पन मले तुमच्यासंग बोलाचं नाई. पोरीनं आठ वर्सं पुन्याले शिकून काढले, तिथं लोकं हासत म्हून 'मले' म्हनाचं सोडलं. म्हनलं, जाऊ दे, बोली गेली तं गेली, डाक्टर तं झाली. अन् तुमी सबन महाराष्ट्रासमोर तिले खोटारडी केलं."

मी बसले. 

अर्पिता बाहेर आली. रडलेली वगैरे नव्हती. हातात फाइल. माझ्यासमोर चार पानं मांडली, प्रत्येकावर दवाखान्याचा जावक शिक्का आणि तारीख. पहिल्या तीन पानांवर एकोणीस नावं, पाण्याचे आकडे, मशीनला लागणारं शुद्ध पाण्याचं यंत्र आणि तंत्रज्ञ नऊ महिन्यांत न आल्याचा तपशील, स्मरणपत्रांच्या सहा तारखा. तिसऱ्या पानाचं शेवटचं वाक्य: "दाखल्यांवरील मृत्यूची कारणे वस्तुस्थितीशी विसंगत" आणि चौथ्यावर: "असल्याने स्वतंत्र अभिप्राय नाही." तिच्या सहीचं पान ठेवलं आणि वरची तीन काढून वरच्या कार्यालयाने दुसरीच टिपणी जोडली.

"मंग मले सांगितलं काऊन नाही?" माझ्या तोंडून निघालं.

"तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं. आणि ते म्हणाले असते, पुरावा काय? लेखी विचारलंत म्हणून मला लेखी लिहिता आलं. चार पानं. ती पोहोचली नाहीत, ही माझी चूक."

"अन् ते पाकीट? चिखलीच्या शिक्क्याचं?"

तिने चष्मा काढून पुसला. "ते मला विचारू नका. अजून चौकशी व्हायची आहे."

तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. म्हणाली, "मॅडम, माझं ठीक आहे. माझ्या जागी आता रोज वेगळा माणूस येईल. अकोल्याला फोन कोण करणार? पुंजाजींचं पोटॅशियम वाढलेलं आहे, एक फेरी चुकली तर..." 

निघताना रंगरावांनी जुडी बांधतच म्हटलं, "सभेत बोलल्या ना? मंग माफी बी सभेतच मागा. इथं मेथीपाशी काय कामाची?"

१५ डिसेंबर, नागपूर

वैयक्तिक खुलाशाची परवानगी मागितली. विरोधी बाकांवरच्या एका ज्येष्ठांनी चहाला बोलावून समजावलं: "ताई, पहिल्या टर्मला आमदाराने चूक कबूल करायची नसते. लोक विसरतात. डॉक्टरला महिनाभरात कामावर घेतील, तुमचा दणका तेवढा लक्षात राहील." प्रेमाने सांगत होते. म्हणूनच जास्त चीड आली.

भाऊंनी मसुदा लिहिला होता, "अनवधानाने". मी तो शब्द खोडला. अनवधान कसलं? पूर्ण शुद्धीत केलं होतं.

उभी राहिले. म्हटलं, "अध्यक्ष महोदय, या सभागृहात मी एका डॉक्टरला खोटी म्हटलं. ती खोटी नाही. तिनं एकोणीस मृत्यू लिहिले होते, तीन पानं भरून. ती पानं या सभागृहापर्यंत येऊ दिली नाहीत. मी तपासलं नाही. मी तिची माफी मागते."

मी बसले. मग मंत्रिमहोदय हसून उठले. "आपली माहिती चुकीची होती, हे सन्माननीय सदस्यांनी स्वतःच मान्य केलं, याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो." आणि हशा! जोरात. अस्सं वळवतात, बाप्पा! आंधळ्यालाही दिसेल असं सत्य समोर धरलं, तर त्याचा टॉवेल करून तोंड पुसतात.

या वेळी मी ओरडले नाही. चारही पानं, जावक शिक्क्यांसकट, पटलावर ठेवली. सभागृहाला खोटी माहिती दिल्याबद्दल हक्कभंगाची सूचना दिली, त्या टिपणीवर सही असलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध. निलंबन मागे घ्या, हेही लेखी दिलं. अध्यक्षांनी पानं उलटून पाहिली, बराच वेळ. म्हणाले, "निर्णय राखून ठेवतो." हशा थांबला होता.

१८ डिसेंबर

पुंजाजी गेला.

मंगळवारची फेरी चुकली. अकोल्याच्या दवाखान्यात त्याची वेळ दुसऱ्या कोणाला दिली गेली होती, फोन करून कोणी विचारलंच नाही. आज सकाळी दम लागला. मोहदरीला नेलं. डायलिसिसच्या बंद खोलीच्या भिंतीला लागून जी खाट आहे, तिच्यावर गेला. भिंतीच्या पलीकडे दोन मशीन.

मी नागपूरहून निघाले. गाडीतच हे लिहिते आहे. अर्पिताने सांगितलं होतं, "एक फेरी चुकली तर." मला सांगितलं होतं, आणि मी माफीनाम्याचे शब्द खोडत बसले होते.

१९ डिसेंबर, मोहदरी

काल दुपारी पोहोचले तेव्हा सिंधूताई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. मयताला घरी न्यायला गाडी उभी होती, ती उठायला तयार नाही. हातात मृत्यूच्या कारणाचा कागद. मला पाहून पुढे केला. "वाचा."

बदलीवर आलेल्या डॉक्टरने लिहिलं होतं: "हृदयक्रिया बंद पडून."

मी आत गेले. कोवळाच डॉक्टर होता, घामाघूम. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हृदय सगळ्यांचंच बंद पडते. मेल्यावर कोनाचं चालू राह्यलं आजवर? हे कारण नव्हे, हे मरणाचंच दुसरं नाव झालं. कारण लिहा."

"मॅडम, वरून सांगितलंय, मूत्रपिंडाचा उल्लेख नको. प्रकरण सभागृहात आहे."

ओठांवर आलेलं सगळं गिळलं. दहा दिवसांपूर्वीची मी असते तर याचंही नाव सभागृहात घेतलं असतं. याचा बाप कुठल्या बाजारात काय विकतो, मला काय माहीत?

मी बाहेर आले आणि सिंधूताईशेजारी पायरीवर बसले. गावातली माणसं येत गेली. कोणी घोषणा दिली नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ती घरं जुने कागद घेऊन आली, कोणी पिशवीत, कोणी देवाच्या फोटोमागून काढून. अन्नपूर्णाबाई म्हणून एक बाई, ती अडतीस वर्षांच्या "वृद्धापकाळ"ची बायको. तिने कागद खिडकीतून त्या डॉक्टरसमोर ठेवला. "वाचा, साहेब. मी मातारी दिसतो काय?"

अर्पिता आली, एसटीने, साधी साडी. आत गेली नाही, तिला तो अधिकार नाही. खिडकीशी उभी राहून पुंजाजीचे सगळे अहवाल एकेक करून त्या पोराच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही पेशंट शेवटी पाहिलात. हे अहवालही पाहा. मग तुम्हाला जे दिसेल ते लिहा. मी सांगणार नाही."

ऊन पायरीवरून उतरून गेलं. मग तो बाहेर आला. नवा कागद. सिंधूताईला वाचता येत नाही, तिने मला दिला. "जुनाट मूत्रपिंड निकामी होणे (दोन्ही). डायलिसिस उपलब्ध न झाल्याने."

मी दोनदा मोठ्याने वाचलं. तिने बोटाने विचारलं, पुंजाजीचं नाव कुठे? दाखवलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा रडली.

५ जानेवारी

निलंबन अजून मागे घेतलेलं नाही. "चौकशी सुरू आहे." हक्कभंगाची सूचना समितीकडे गेली, टिपणीवर सही करणाऱ्या साहेबाला बोलावलं आहे. शुद्ध पाण्याचं यंत्र मोहदरीला पोहोचलं, तंत्रज्ञ पोहोचला नाही. दर सोमवारी मी फोन करते आणि दर सोमवारी तो "निघाला आहे" असतो. अकोल्याचे फोन सध्या अर्पिता घरूनच करते, खारगव्हाणच्या अकरा जणांसाठी. मी आभार मानले तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाही करत." बरोबर आहे.

आज सिंधूताईकडे गेले. तिने काळा चहा दिला. मी अधिवेशनाचं सांगत होते, मार्चमध्ये मुंबईला पुन्हा हाच प्रश्न, या वेळी दाखल्यासकट.

"तिथं वर माडीवर लोकं बसते ना, टीवीत दिसते ते? त्याहिले कोन बसू देते?"

"पास लागतो. आमदार देतात."

"मले देसान?"

"देईन ना. पण काऊन, सिंधूताई? तिथं बोलू देत नाहीत. हसलं तरी बाहेर काढतात."

"मले बोलाचं नाई." कप धुवायला उचलत ती म्हणाली. "त्या मंत्र्यानं खरं नाई म्हनलं, तं म्हनताना वर पाह्यते का खाली, तेवढं पाह्याचं हाय. अन् दोन पास द्या. अन्नपूर्णाबाईले बी येयाचं हाय."

मी पर्समधून कागद काढला. सिंधू पुंजाजी ढोले. दुसरं नाव लिहायला लागले, तेवढ्यात दारातून कोणीतरी म्हणालं, "ताई, माह्यं बी नाव घ्या." मागे पाहिलं, तर अंगणात बाया उभ्या होत्या. मी पान उलटलं आणि लिहीत गेले.